आय७-८७००के डिलिड करू का? झाकणाखालची पेस्ट, लिक्विड मेटल आणि विदर्भातला उन्हाळा

वऱ्हाडी_रेंडर (अकोला)

नमस्कार मंडळी. माझं काम थ्रीडी रेंडरिंगचं. घरच्या पीसीत इंटेलचा आय७-८७००के प्रोसेसर आहे, त्यावर २४० मिमी रेडिएटरचा लिक्विड कूलर. सगळे सहा कोअर ४.९ गिगाहर्ट्झवर, व्होल्टेज १.३०. हिवाळ्यात निभतं. एप्रिल लागला की ब्लेंडर सॉफ्टवेअरच्या लांब रेंडरला तापमान नव्वदीपार जातं, आणि भर दुपारी तर १०० ला टेकून प्रोसेसर स्वतःच वेग खाली आणतो. डेझर्ट कूलर लावूनही खोलीतच ३७-३८ अंश असतात.

वरची थर्मल पेस्ट बदलली, रेडिएटर झाडला, पंखेही बदलले. दोन-तीन अंशांपलीकडे फरक नाही. आता वाचतोय की खरी गोम प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाखाली आहे, आणि ते काढून (यालाच डिलिड करणं म्हणतात) आतली पेस्ट बदलता येते. इथे कोणी केलंय का राजेहो? यंदा नवं मशीन घ्यायचं बजेट नाही आणि प्रोसेसर गेला तर हातातलं काम थांबेल, त्यामुळे सल्ला कारणासकट हवा आहे. ओळखीतले एक जण म्हणतात, बेंच व्हाइसमध्ये धरून हातोडीचा एक टोला दिला की झाकण निघतं. मला ते पटत नाही.

शांत_पंखा

उघडायच्या आधी बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जा. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.९ ऐवजी ४.६ आणि १.३० ऐवजी १.२० वर चिप स्थिर राहिली, तर वेग सहा टक्के कमी होईल आणि उष्णता जवळजवळ वीस टक्के. फुकटात होतं आणि कधीही परत फिरवता येतं.

वऱ्हाडी_रेंडर (अकोला)

धन्यवाद, सध्या तसंच चालवतो. पण रात्रभराच्या रेंडरला सहा टक्के म्हणजे सकाळचा अर्धा-पाऊण तास जातो. शिवाय दर उन्हाळ्यात वेग उतरवायचा आणि दिवाळीला चढवायचा, हे कायमचं नको आहे.

उष्मागती (पुणे)

वऱ्हाडी, काहीही न उघडता अडचण कुठे आहे ते कळतं. मशीन नेहमीच्या जागी, नेहमीच्या खोलीत ठेवा. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर समोर ठेवून रेंडर सुरू करा आणि आकडा कसा चढतो ते बघा. पहिल्या एक-दोन सेकंदांतच पंचेचाळीसवरून पंच्याऐंशीला उडी मारली, तर उष्णता डायच्या, म्हणजे झाकणाखालच्या सिलिकॉन चिपच्या, अगदी अंगाशी अडते आहे. इतक्यात कूलरमधलं पाणी तापायला वेळच मिळालेला नसतो. याउलट सुरुवातीला सत्तरच्या आसपास थांबून पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत तापमान हळूहळू वर सरकलं, तर पाणी तापतंय. मग दोष रेडिएटर, पंखे किंवा केसमधल्या हवेचा. रेंडर थांबवल्यावर हेच उलट क्रमाने दिसेल.

पहिल्या प्रकारात डिलिडिंगचा फायदा आहे. दुसऱ्या प्रकारात झाकण काढून हाती काही लागणार नाही. लोक ही चाचणी न करताच अवजार मागवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

वऱ्हाडी_रेंडर (अकोला)

केली. रेंडर सुरू होताच ८३-८४. नंतर पंधरा मिनिटांत ९३ पर्यंत हळूहळू. थांबवलं की डोळ्यांदेखत साठच्या खाली. आणखी एक, सगळ्यात गार कोअर आणि सगळ्यात तापलेला कोअर यांच्यात ११ अंशांचं अंतर आहे.

उष्मागती (पुणे)

मग तुमची केस पहिल्या प्रकारातली. कोअरमधलं अंतरही तेच सांगतंय, झाकणाखालचा थर सगळीकडे सारखा बसलेला नाही. आता सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न इथे वारंवार येतो.

उष्णतेचा रस्ता असा: सिलिकॉनची डाय, तिच्यावरचा पहिला थर, तांब्याचं निकेल मुलामा दिलेलं झाकण, झाकणावर आपण लावतो ती पेस्ट, कूलरचा तळ, पाणी, रेडिएटर, खोलीतली हवा. प्रत्येक टप्प्यावर काही अंश खर्च होतात आणि सगळ्यांची बेरीज खोलीच्या तापमानावर चढते. तुम्ही आजवर जे बदललंत ते सगळं झाकणाच्या वरचं होतं.

इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत, म्हणजे २६००के वगैरेंमध्ये, डाय आणि झाकण यांच्यामध्ये इंडियमची सोल्डर होती. २०१२ मध्ये २२ नॅनोमीटरचा आयव्ही ब्रिज आला आणि इंटेलने नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये तिथे पेस्ट वापरली. त्याच वेळी डायही लहान झाली, सुमारे २१६ चौ.मिमी वरून १६० वर. म्हणजे कमी जागेतून उष्णता काढायची आणि मधला थर कमजोर. ओव्हरक्लॉक करणाऱ्यांनी, म्हणजे चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणाऱ्यांनी, त्या पिढीतला ३७७०के उघडायला सुरुवात केली ती तिथून. २०१४ मध्ये ४७९०केला सुधारित पेस्ट मिळाली, पण सोल्डर परत यायला २०१८ चा ९९००के उजाडावा लागला. तुमचा ८७००के ऑक्टोबर २०१७ चा, म्हणजे पेस्टवाल्यांपैकी शेवटच्या काहींमधला.

लोक पेस्टला शिव्या देतात, पण निम्मा दोष झाकण चिकटवणाऱ्या काळ्या सिलिकॉनच्या गोंदाचा असतो. तो गोंद झाकणाला सबस्ट्रेटपासून, म्हणजे डायखालच्या हिरव्या पट्टीपासून, किंचित उचलून धरतो, त्यामुळे पेस्टचा थर नको तितका जाड राहतो. जुना गोंद खरवडून झाकण नुसतं खाली बसवलं, तरी साध्या पेस्टवरसुद्धा तापमान बरंच उतरतं.

हिशोब करून बघा. ८७००केची डाय साधारण १५० चौ.मिमी. समजा १५० वॅट उष्णता निघतेय, पेस्टची उष्णतावाहकता ४ वॅट प्रति मीटर-केल्विन आणि थर ०.१ मिमी. त्या एका थरावर २५ अंश खर्च होतात. त्याच जागी ७३ वाहकतेचं लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावायचा द्रव मिश्रधातू) ०.०५ मिमी जाडीचं असेल तर एक अंशही लागत नाही. प्रत्यक्षात उष्णता डायभर सारखी पसरत नाही आणि पृष्ठभागांचाही अडथळा असतो, त्यामुळे कागदावरचे चोवीस अंश पदरात पडतीलच असं नाही. पण ८७००के डिलिड केल्यावर १५ ते २० अंशांची घट जगभरच्या लोकांना मिळाली आहे, आणि तिचं कारण हे आहे.

तापकीर_गल्ली_वाला

उष्मागती साहेबांनी शास्त्र सांगितलं, मी हातातलं सांगतो. आमच्या टेबलावर उघडलेले, अर्धवट उघडलेले, कोपरा कापलेले असे सगळे येतात.

हातोडी आणि व्हाइस ही २०१३-१४ च्या काळातली पद्धत. तेव्हा दुसरं काही मिळत नव्हतं. आज ती करू नका. टोला जास्त बसला तर झाकण निघून डायवर घासत जातं किंवा सबस्ट्रेट व्हाइसच्या जबड्यात चेपतो. ब्लेड तर अजिबात नको. स्कायलेक पिढीपासून इंटेलने हिरवी पट्टी पातळ केली, सुमारे ०.८ मिमी. ब्लेडचं टोक जरासं आत गेलं की पट्टीतली तांब्याची रेघ तुटते आणि एखादं मेमरी चॅनल कायमचं जातं. अशी चिप दुरुस्त होत नाही.

अवजार घ्या. त्यात प्रोसेसर खाचेत बसतो आणि स्क्रू ॲलन-कीने फिरवला की झाकण बाजूला ढकललं जातं. झाकण वर उचलायचं नसतं, आडवं सरकवायचं असतं. हळू फिरवा. गोंद सुटताना कट्ट आवाज येतो, घाबरू नका. हिवाळ्यात गोंद कडक असेल तर हेअर ड्रायरने थोडा ऊबदार करा, तुमच्या अकोल्यात मे महिन्यात त्याची गरज नाही.

जुना गोंद काढायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड उत्तम. धातूचं काहीही हिरव्या पट्टीवर टेकवू नका. दोन्हीकडचा गोंद पूर्ण निघाला पाहिजे, बोट फिरवल्यावर कड लागता कामा नये. मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ७० टक्केवाल्यात पाणी असतं, ते नको.

वऱ्हाडी_रेंडर (अकोला)

दादा, झाकण परत लावायचंच का? काही लोक कूलर थेट डायवर बसवतात ना?

तापकीर_गल्ली_वाला

तुमच्या सॉकेटवर झाकण लावा. ती लोखंडी चौकट झाकणाच्या खांद्यांवर दाबून प्रोसेसर पिनांवर धरते. झाकण नसेल तर ती काहीच धरत नाही, वेगळी चौकट लागते. कूलरचे स्टँड झाकणाच्या उंचीच्या हिशोबाने असतात, त्यामुळे तळ डायपर्यंत पोचतही नाही. आणि उघडी डाय काचेसारखी असते. कूलर जरा तिरका दाबला की कोपरा उडतो.

उष्मागती (पुणे)

जुन्या मंडळींना आठवत असेल, एएमडीच्या ॲथलॉन एक्सपी प्रोसेसरची डाय उघडीच असायची. जड हीटसिंक क्लिपने दाबताना तिचे कोपरे तुटायचे. पेंटियम ४ आणि पुढे २००३ चा ॲथलॉन ६४ झाकण घेऊन आले ते मुख्यतः या संरक्षणासाठी आणि दाब सारखा विभागण्यासाठी. लॅपटॉपचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डांच्या चिपा आजही बहुतांशी उघड्या असतात, कारण तिथे हीटसिंक कारखान्यातच ठरावीक दाबाने बसवतात. म्हणून झाकणाला शत्रू मानू नये. आपण बदलतोय तो त्याच्याखालचा थर.

शांत_पंखा

लिक्विड मेटल वीजवाहक आहे, हे कोणी ठळकपणे लिहिलेलं नाही. एक थेंब इकडचा तिकडे झाला तर मदरबोर्डसकट जाईल. रोजच्या कामाच्या मशीनमध्ये हे कशाला? डायवर चांगली सिलिकॉनवाली पेस्ट लावा, गोंद पातळ लावा, दहा अंश मिळाले तरी पुष्कळ.

उष्मागती (पुणे)

धोका खरा आहे, पण झाकणाखाली साधी पेस्ट टिकत नाही. डाय तापते-निवते तशी ती आणि झाकण कमी-जास्त प्रसरण पावतात, आणि दर वेळी पेस्ट थोडी थोडी मधून कडेला ढकलली जाते. लहान, खूप तापणाऱ्या डायवर हे लवकर होतं. काही महिन्यांनी तापमान पुन्हा चढलेलं दिसतं आणि परत सगळं उघडायची पाळी येते. लिक्विड मेटल द्रव असल्याने पृष्ठभागाला धरून राहतं. सोनीने २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ मध्ये तेच वापरलं, भोवती ते बाहेर पडू नये अशी सील लावून. लाखो घरांत आडवी-उभी ठेवलेली यंत्रं त्यावर चालताहेत.

फैलावण्याचा प्रश्न जवळजवळ नेहमी प्रमाणाचा असतो. डाय चकचकीत आरशासारखी दिसेल इतकाच थर हवा. थेंब डोळ्याला फुगीर दिसला तर जास्त झालं.

श्टुटगार्टहून

गॅलियमबद्दल थोडी भर. ही सगळी लिक्विड मेटल म्हणजे गॅलियम, इंडियम आणि कथील यांचे मिश्रधातू. गॅलियम ॲल्युमिनियममध्ये शिरून त्याचा भुगा करतं. म्हणून ज्या कूलरचा तळ ॲल्युमिनियमचा आहे, त्याच्या जवळपासही ते नेऊ नये. तांब्यात ते हळूहळू मुरतं, डाग पडतो आणि काही वर्षांनी थर कोरडा वाटतो. निकेलच्या मुलाम्यावर सगळ्यात चांगलं टिकतं आणि झाकणाची आतली बाजू निकेलचीच असते. म्हणजे झाकणाखाली ते योग्य ठिकाणी आहे.

याच कारणाने विमानवाहतुकीत गॅलियम संक्षारक पदार्थांत गणलं जातं. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो. दर वर्षी कोणीतरी विचारतं, "येताना एक सिरिंज बॅगेत टाकून आण." कृपया कोणाकडून असं मागवू नका. भारतातल्या विक्रेत्यांकडेच घ्या.

इकडे हा छंद फार पसरला, त्याचं मोठं श्रेय रोमान हार्टुंग यांना, म्हणजे डेअरबाउअर. त्यांच्या डिलिड-डाय-मेट या अवजारामुळे हे काम हातोडीवरून स्क्रूवर आलं. अमेरिकेत सिलिकॉन लॉटरी नावाचं दुकान निवडलेल्या आणि आधीच डिलिड केलेल्या चिपा विकायचं, ते २०२१ मध्ये बंद झालं. नव्या चिपा कारखान्यातूनच मर्यादेजवळ चालवून येतात, त्यामुळे निवडून विकण्यासारखं फार उरलं नव्हतं.

झेन४ (ठाणे)

धागा वाचून माझाही हात शिवशिवतोय. एएमडीचा रायझन ९ ७९००एक्स आहे. सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) लावलं की थेट ९५ वर जाऊन बसतो, कूलर कोणताही असो. याचंही झाकण काढलं की वीस अंश उतरतात असं त्याच जर्मन गृहस्थांच्या चाचणीत होतं. करू का?

उष्मागती (पुणे)

तुमची गोष्ट अगदी वेगळी आहे. ७९००एक्समध्ये पेस्ट नाही, इंडियमची सोल्डर आहे. तिथे अडथळा झाकणाच्या जाडीचा. जुन्या एएम४ सॉकेटचे कूलर नव्या एएम५ वरही बसावेत म्हणून एएमडीने उंची कायम ठेवली आणि झाकण जाड झालं. ते वीस अंश मिळाले ते झाकण पूर्ण बाजूला ठेवून कूलर थेट डायांवर बसवल्यावर. म्हणजे आधी इंडियम वितळवायचं, ते सुमारे १५७ अंशांना वितळतं. त्याच्या आधी झाकणाच्या आठ पायांखालचा गोंद कापायचा, आणि पायांच्या मधे उघडे कपॅसिटर बसलेले असतात. एक उडाला की संपलं. शिवाय खास चौकट हवी, आणि तीन डाया एका पातळीत दाबल्या जातील असा कूलरही हवा.

आणि ९५ अंश हा त्या पिढीत बिघाड नाही. त्या तापमानाला पोचेपर्यंत वेग वाढवत न्यायचा, अशीच तिची रचना आहे. कूलर सुधारला की तापमान तेच राहून वेग थोडा वाढतो. तुम्हाला खोली गार हवी असेल तर बायॉसमध्ये इको मोड लावा. सॉकेटची मर्यादा २३० वॅटवरून १४२ वर येते आणि बहुतेक कामांत फरक जाणवतही नाही. सोबत कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज उतरवा. मी तुमच्या जागी एवढंच केलं असतं आणि थांबलो असतो.

झेन४ (ठाणे)

इको मोड लावला. पंख्याचा आवाज निम्मा झाला, सिनेबेंचचा स्कोअर किरकोळ खाली. झाकण राहू देतो. आभार!

तापकीर_गल्ली_वाला

वऱ्हाडी भाऊ, राहिलेलं सांगतो. डायच्या बाजूला जे छोटे भाग किंवा उघडे सोनेरी बिंदू दिसतील, त्यांच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग लिक्विड मेटल कापसाच्या काडीने डायवर चोळा. सुरुवातीला ते चिकटत नाही, गोळी होऊन पळतं. दाबू नका, चोळत राहा, एकदम पसरतं. झाकणाच्या आतही डायएवढ्या चौकोनात तसाच हात द्या.

गोंद चारही कोपऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढा. पूर्ण चौकट भरू नका, कंपनीनेही हवेला फट ठेवलेली असते आणि जास्त गोंद म्हणजे झाकण परत उचललं जाणार. मग मदरबोर्डच्या सॉकेटमध्येच बसवून लिव्हर लावा, ती चौकट क्लॅम्पचं काम करते. लिव्हर लावताना झाकण पुढे सरकतं, बोटाने धरून ठेवा. रात्रभर तसंच राहू द्या.

वऱ्हाडी_रेंडर (अकोला)

मंडळी, झालं. शनिवारी संध्याकाळी हातात मोबाइलवर हा धागा उघडा ठेवून केलं. जुना गोंद निघायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. आतली पेस्ट कडेला गोळा झालेली आणि मधोमध विरळ, उष्मागतींनी लिहिलं होतं तसंच.

खोली ३८ अंश, तेच ४.९ आणि १.३०, तीच ब्लेंडरची फाइल. सुरुवातीची उडी आता ६६ वर थांबते, पंधरा मिनिटांनी ७५. कोअरमधलं अंतर ११ वरून ४ वर आलं. नंतरची हळूहळू होणारी वाढ मात्र पूर्वीइतकीच आहे, नऊ अंश. म्हणजे रेडिएटर आहे तिथेच आहे, हेही बरोबर ठरलं. रात्री पत्नीने विचारलं, मशीन बंद आहे का, इतका पंख्यांचा आवाज उतरला.

वेग वाढवायचा मोह होतोय, पण ४.९ वरच ठेवतो. शांत_पंखांचा सल्ला घेऊन व्होल्टेज उतरवत गेलो तर १.२७ लाही स्थिर राहिला, कारण चिप गार असली की गळतीचा प्रवाह (चिपमध्ये वाया जाणारी वीज) कमी होतो, असं वाचलं.

उष्मागती (पुणे)

छान. आणि हो, गळतीबद्दल बरोबर आहे. आकडे टिपून ठेवा. पुढच्या वर्षी याच सुमारास याच फाइलवर सुरुवातीची उडी मोजा. ६६ च्या जागी सत्तरीपार गेली, तर लिक्विड मेटल कोरडं पडतंय असं समजायचं.

चिंचवडची_मीनल

हे वाचून धाकट्या भावाच्या पीसीबद्दल विचारते. ९९००के आहे, तोही तापतो. त्यालाही करावं का?

उष्मागती (पुणे)

नको. त्यात सोल्डर आहे. उघडून लिक्विड मेटल घातलं तर आठ-नऊ अंश मिळाल्याच्या चाचण्या आहेत, पण त्यासाठी सोल्डर तोडावी लागते आणि डायवर उरलेलं इंडियम घासून काढावं लागतं. तिथे सिलिकॉनच जाड आहे, आणि त्यातून उष्णता येतानाच बरेच अंश खर्च होतात. १०९००केमध्ये इंटेलने डाय ८०० मायक्रॉनवरून ५०० वर आणली ती त्यासाठीच. भावाला मदरबोर्डची पॉवर मर्यादा तपासायला सांगा. पुष्कळ बोर्डांवर ती मुळात उघडी सोडलेली असते. ९५ वॅटची मर्यादा घालून बघा, मग थोडी थोडी वाढवा.

चिंचवडची_मीनल

सांगते, आभारी आहे.

वऱ्हाडी_रेंडर (अकोला)

एक राहिलं. माझं अवजार आता नुसतं पडून राहील. ६७००के, ७७००के आणि ८७००केला चालतं. अकोला, अमरावती, नागपूर भागात कोणाला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. लिक्विड मेटलची सिरिंजही बरीच उरली आहे, पण ती घ्यायला घरी यावं लागेल, कुरिअर करणार नाही.